वाटेची पडकई

डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात उंबरवाडी म्हणून सोळा उंबऱ्यांची वस्ती आहे. धरणात पाणी अडलं नव्हतं तोवर वाडीतून खाली उतरलं की नदीकाठची खडीची सडक लागे आणि तासाभरात माणूस फाट्यावर पोचे. नव्वदीच्या मधल्या वर्षांत पाणी चढत चढत आलं आणि सडक त्यात गेली. मग राहिली ती डोंगराच्या कुशीतून आडवी जाणारी जुनी पायवाट. पूर्वी ती गुराख्यांची होती. आता दवाखाना, बाजार, एसटी, रेशन, सगळं तिच्याच टोकाला आलं. दोन तासांची वाट, आणि मध्ये एक ओहळ.

त्या वाटेला कुणी वाली होता तर तो कुशाबा. कुशाबा ताल बांधणारा माणूस. आमच्याकडे भातखाचराच्या उतरत्या बाजूला दगडाचा जो बांध रचतात, त्याला ताल म्हणतात. चुना नाही, सिमेंट नाही. दगडाला दगड बसला पाहिजे एवढाच कायदा. कुशाबा दगड हातात घेई, एकदा फिरवून बघे आणि ठेवी. ठेवलेला परत उचलत नसे. बोलायला मात्र अगदी कमी. त्याची बायको ठकूबाई म्हणे, "आमच्या ह्यांचं समदं बोलणं धोंड्यासंगं झालं, मला काय उरलंच न्हाई."

अठ्ठ्याण्णव साली रोजगार हमीतून त्या वाटेचं काम निघालं. मुकादम आला, हजेरीचं मस्टर आलं, वाडीतल्या घराघरातली माणसं महिनाभर कामाला लागली. वाट चांगली रुंद झाली आणि ओहळावर ताल बांधून वरून चालायची सोय झाली. पण त्या एका महिन्याने एक गोष्ट बिघडवली. त्याआधी दिवाळीनंतर जो तो येता-जाता वाटेवरचा धोंडा बाजूला करी, घाणेरी तोडी. काम सरकारी झाल्यावर लोक म्हणू लागले, "वाट सरकारची हाये, सरकार बघंल." पडलेला दगड पडलेलाच राहू लागला. लोक त्याला वळसा घालून जात, आणि वर्षभरात त्या वळशाचीच नवी वाट पडे.

कुशाबाला हे बघवत नसे. दिवाळी झाली की तो पहार आणि कुदळ खांद्यावर टाकून निघे. ठकूबाई भाकरी बांधून बरोबर जाई. आठ-दहा दिवस दोघं वाटेवर असत. लोक जाताना म्हणत, "काय कुशाबा, मस्टर कुणाच्या नावाचं भरतोस?" तो हातातला दगड बसवी आणि मगच वर बघे. तोवर विचारणारा पुढे गेलेला असे.

दोन हजार तीनच्या पावसाळ्यात ओहळावरचा ताल अर्धा ढासळला. ते एकट्याचं काम नव्हतं. पाऊस सरल्यावर ओहळ कोरडा पडला, लोक त्याच्या पोटात उतरून पलीकडे चढू लागले, आणि कुणाला काही वाटेनासं झालं.

पुढच्या वर्षी मे महिन्याच्या सुरुवातीला ठकूबाईचा खोकला थांबेना, तेव्हा कुशाबा तिला घोडेगावला घेऊन गेला. थुंकी तपासली. क्षय निघाला. औषध फुकट होतं, पण त्याचा नियम कडक होता. फाट्यावरच्या उपकेंद्रातल्या अश्विनी सिस्टरने तो दोघांना समोर बसवून समजावला.

"मावशी, दोन महिने सोमवार, बुधवार, शुक्रवार यायचं. गोळ्या माझ्यासमोर गिळायच्या. मग पुढचे चार महिने आठवड्यातून एकदा. मध्ये खाडा पडला की रोग औषधाला दाद देईनासा होतो. मग मोठं औषध, सुया, आणि तेही लागू पडेल याची खात्री नाही."

"घरी दिल्या तर न्हाई का चालत?" ठकूबाईने विचारलं.

"तुमच्या वाडीत अंगणवाडी नाही, कुणी कार्यकर्ती नाही. कुणाच्या भरवशावर देऊ? मला माझ्या डोळ्यांनी बघावं लागतं."

कुशाबाने बोटांवर मोजलं. मे, जून, जुलै. जूनमध्ये ओहळाला पाणी येणार. धरणातल्या मासेमारीच्या होड्या पावसाळी वाऱ्यात चालत नाहीत. म्हणजे मृगाच्या आत ओहळावर ताल उभा राहिला पाहिजे. ते न झालं तर गोळ्यांना खाडा, आणि खाडा म्हणजे काय ते सिस्टरने सांगितलंच होतं.

परतताना ठकूबाई म्हणाली, "एक सांगते. माझ्या खोकल्यावर कुणाकडं काम मागू नका. वाडीत कळलं की माझ्या हातचं पाणी कुणी पिणार न्हाई."

"न्हाई सांगत," कुशाबा म्हणाला.

इथे पडकई म्हणजे काय ते सांगायला हवं. डोंगरातली खाचरं एकट्याच्या अंगाने होत नाहीत. म्हणून उन्हाळ्यात ज्याला खाचर काढायचं असेल तो घरोघर सांगावा देतो. प्रत्येक घरातून एक माणूस येतो आणि दिवसभर राबतो. मजुरी नसते. मात्र ज्याच्यासाठी लोक आले, त्याने पुढे प्रत्येकाच्या रानात एकेक दिवस जाऊन काम करायचं. दिवसाला दिवस. आणखी एक शिस्त आहे. ज्याची पडकई, त्याने कामावर हुकूम करायचा नाही. त्याला हाव सुटते, तो लोकांना दमवतो. म्हणून कामाचा शब्द म्होरक्याचा. धन्याने पाणी पाजायचं आणि सांगतील ते उचलायचं. उंबरवाडीत म्होरक्या होता सावळेराम, कुशाबापेक्षा चार वर्षांनी मोठा आणि आवाजाने चौपट.

कुशाबा आधी दादाभाऊकडे गेला. दादाभाऊ ग्रामपंचायतीचा सदस्य, वाडीतला एकुलता एक मोटारसायकलवाला. मोटारसायकल मात्र फाट्यावर ठेवलेली असे, कारण वाडीपर्यंत यायला तिला वाट नव्हती.

"अर्ज दिलाय आबा," तो म्हणाला. "मोजणी झाली की अंदाजपत्रक, मग मंजुरी. पावसाळ्यानंतर व्हईल."

"पावसाळ्याआधी पाहिजे."

"सरकारला पावसाळा नसतो आबा."

मग तो सावळेरामकडे गेला आणि वाटेसाठी पडकई बोलवायची म्हणाला. सावळेराम तंबाखू मळत होता. मळायचा थांबला.

"वाटेची पडकई? कुणाच्या बापानं ऐकली व्हती का? पडकई रानाची असती. रानाला धनी असतो. वाटेला कोन धनी? मानसं आली, राबली, मग त्यांचा दिवस फेडायचा कुनी? वाट येनार हाय व्हय आवणीला?"

शेजारच्या ओट्यावर बयाबाई हिरडा निवडत होती. वाडीत तिच्या जिभेला सगळे वचकून असत. ती म्हणाली, "म्हातारं सारखं बाजाराला चाललंय जोडीनं. आठवड्याला तीनदा. म्हणून वाट पायजे असंल."

कुशाबा उठून घरी गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी डोक्याला मुंडासं बांधून पहिल्या घरापासून सुरुवात केली आणि सोळाव्या घरापर्यंत एकच वाक्य बोलत गेला, "येत्या मंगळवारी माझी पडकई हाये. ओहळावर. ते माझंच खाचर धरा. दिवस मी फेडणार."

स्वतःचं घर सोडून पंधरा घरं. पंधरा दिवस म्हणजे आवणीच्या, भातलावणीच्या हंगामातलं अर्धं आयुष्य. लोकांनी त्याला वेड्यात काढलं, पण नाही कुणालाच म्हणता येईना. नाव घेऊन सांगावा आला की जायचंच, हा पिढीजात रिवाज. आणि कुशाबा तर आजवर प्रत्येकाच्या पडकईला गेलेला.

मंगळवारी पंधराही घरची माणसं आली. काम जोरात झालं. सावळेरामने दोन रांगा लावल्या. एक दगड वाहणारी, एक रचणारी. दुपारपर्यंत ताल कमरेइतका चढला. मग सावळेरामने दगडांच्या फटींत चिकणमाती ठासायला सांगितली.

कुशाबा पाण्याची कळशी घेऊन उभा होता. तो जवळ गेला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, पाण्याला वाट ठेवा. खाली दोन मोऱ्या..."

"पडकई तुझी, काम माझं," सावळेराम म्हणाला. "चाळीस वरसं ताल घालतोय मी. माझा एक ताल गळल्याला दाव."

तेच तर चुकत होतं. खाचराचा ताल पाणी धरायला बांधतात; गळला की भात वाळतं. वाटेच्या तालातून पाणी गळालंच पाहिजे. वाटेवर सहा वर्षं राबून कुशाबाला ते कळलं होतं, इतरांना कळायचं कारण नव्हतं. पण धन्याने दुसऱ्यांदा बोलायचं नसतं. त्याने कळशी पुढे केली. संध्याकाळी ताल असा देखणा उभा राहिला की माणसं दोन पावलं मागे जाऊन बघत राहिली. कुशाबाही बघत राहिला. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

मृगाच्या सुरुवातीला पाऊस नुसता भुरभुरला. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दोन दिवस धो धो कोसळला. बुधवारी सकाळी दोघं डोक्यावर प्लॅस्टिकचे कागद घेऊन ओहळाशी आली. ताल मधोमध फुटला होता. मागे पाणी तुंबून तळं झालं असावं आणि मग एकदमच गेलं असावं. फुटलेल्या जागेतून लाल पाणी उसळत होतं. पलीकडचा काठ पंधरा पावलांवर होता.

"फिरा माघारी," ठकूबाई म्हणाली.

"वरनं जाऊ."

वर म्हणजे कारवीच्या रानातून तासभर चढून, जिथे ओहळ खडकावर पसरतो तिथून पलीकडे, आणि परत तासभर उतरून. कुशाबा पुढे काठीने कारवी बाजूला करी, ठकूबाई त्याच्या सदऱ्याचं टोक धरून मागे. दर शंभर पावलांनी ती बसे. ती बसली की तो उभा राही. 'चल' म्हणत नसे, पण बसतही नसे. उपकेंद्रात पोचायला दोन वाजले. अश्विनी सिस्टर कुलूप हातात घेऊन उभी होती. तिने दोघांच्या पायांकडे पाहिलं, कुलूप ठेवलं आणि आधी चहा केला.

शुक्रवारी तेच. सोमवारी ठकूबाई उंबऱ्यात बसून म्हणाली, "एक डाव ऱ्हाऊ द्या. एका गोळीनं काय मरत न्हाई मानूस."

कुशाबाने तिच्या वहाणा तिच्यापुढे ठेवल्या. तिने त्यांत पाय घातले.

इकडे भाताची रोपं लावणीला आली होती. आवणीला वार नसतो. पाऊस आणि रोप म्हणेल तो दिवस. मंगळवारी संध्याकाळी सावळेरामचा सांगावा आला: उद्या माझी आवणी, तुझा दिवस.

उद्या बुधवार. कुशाबाने उलट सांगावा दिला, "उद्या जमायचं न्हाई. परवा येतो."

सावळेराम तसाच अंगणात आला. पाऊस उघडला होता, त्यामुळे आसपासच्या ओट्यांवर माणसं होती.

"कुशाबा, पंधरा घरात तोंड वर करून सांगितलंस, दिवस फेडीन म्हणून. माझा पयला दिवस, आन तू न्हाई म्हणतोस?"

"परवा येतो म्हणलो."

"परवा रोपं सडल्यावर? उद्या काय हाय तुझं?"

सावळेरामचा आवाज चढला. "सांग की. बाजार हाय? का आनखी कुनाची वाट बांधायची हाय?"

"अवं भाऊ," ठकूबाई दारातून म्हणाली. ती भिंतीला धरून उभी होती. "त्यान्ला मीच गप बसवलंय. मला टीबी झालाय. उद्या गोळी हाये. सिस्टरबाईच्या म्होरं गिळावी लागती, खाडा चालत न्हाई. ताल फुटल्यापासनं वरनं कारवीतनं जातोय आमी."

ओट्यावरच्या एका बाईने पदर नाकाला लावला. सावळेराम खाली बघत राहिला. मग त्याने विचारलं, "कारवीतनं? तिथनं शेरडं जात न्हाईत."

"आमी जातो," कुशाबा म्हणाला.

बयाबाई तिच्या ओट्यावरून उठून आली. "आन मी म्हनत व्हते म्हातारा बायकोला बाजार दावायला नेतोय," ती म्हणाली. "ठके, सांगायचं नसतं व्हय गं? माझ्या धाकट्या दिराला झाला व्हता. मीच करत व्हते त्याचं. काय झालं मला? हाय का न्हाई मी धडधाकट?"

"तुमाला रोगबी भितो," कुणीतरी मागून म्हणालं, आणि दोघं-तिघं हसली. ठकूबाईही हसली, आणि हसता हसता खोकली.

सावळेरामने मात्र डोकं वर केलं नव्हतं. तो म्हणाला, "माती ठासायला नको व्हती. तू सांगितलंवतंस."

"पडकई माझी व्हती. मला बोलायचं नव्हतं."

"आता ऐक. उद्याचा दिवस माझा हाय का न्हाई?"

"हाये."

"मग मला तो रानात नको. मला तो ओहळावर पायजे. तू बायकोला घेऊन जा, गोळी दे, माघारी ये आन ओहळावर माझा दिवस भर. माझं घर येतंय संगं. दिवस माझा, म्हंजे पडकई माझी. मी पानी पाजनार. कामाचा शब्द तुझा."

कुशाबाने आकाशाकडे पाहिलं. "पाऊस हाये भाऊ. तुमची रोपं..."

"रोपं माझी हायेत," सावळेराम म्हणाला.

"माझाबी दिवस तिकडंच घाल," बयाबाई म्हणाली. "तसाबी तू आवणीला लई मंद. एका सरीला दुपार करतोस."

बुधवारी पंधरापैकी आठ घरं आली. बाकीच्या सातांपैकी चौघांची रोपं अडली होती, दोघांना आजार लपवल्याचा राग होता, आणि एकाला क्षयाची भीती होती. ठकूबाई सोमवारसारखीच वरून गेली, पण या वेळी तिच्याबरोबर बयाबाईची सून होती आणि कुशाबा ओहळावर थांबला. दोन महिन्यांत पहिल्यांदाच तो तिच्यासोबत नव्हता. ती कारवीत दिसेनाशी होईपर्यंत तो बघत राहिला, मग वळला.

पाणी एका बाजूला वळवायला आधी दगडांचा आडोसा घातला. मग फुटलेला ताल खालपर्यंत उकलला. ज्यांनी तो बांधला होता त्यांनीच तो काढला. कुणाला ते आवडलं नाही. कुशाबाने तळाशी दोन लांब सपाट दगड उभे केले, त्यांवर तिसरा आडवा टाकला. ती पहिली मोरी. चार हातांवर दुसरी. आयुष्यात कधी नव्हे इतकं तो त्या दिवशी बोलला. "ह्यो नको, तो. फिरव. अजून. बसला. माती न्हाई, माती अजिबात न्हाई. फटी ऱ्हाऊ द्या."

"गळंल की समदं," दादाभाऊ म्हणाला. त्यानेही चिखलात पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती.

"गळू दे."

सावळेराम कळशी घेऊन फिरत होता. भर पावसात पाणी कोण पिणार? तरी तो प्रत्येकापुढे कळशी धरी आणि प्रत्येकजण रिवाज म्हणून एक घोट घेई. काम त्या दिवशी पुरं झालं नाही. गुरुवारीही माणसं आली, या वेळी दहा घरची. दुपारनंतर आडोसा काढला. पाणी तालावर येऊन आदळलं, क्षणभर चढलं, आणि मग दोन्ही मोऱ्यांतून बैलाच्या मुतासारखं सरळ धार धरून बाहेर पडलं. वरून वाट कोरडी राहिली. कुशाबा तालाच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि दोनदा टाच आपटून बघितली.

शुक्रवारी ठकूबाई त्याच तालावरून गेली. अकराच्या आत उपकेंद्रात पोचली.

राहिलेल्या घरांचे दिवस कुशाबाने रानात जाऊन फेडले. जे रागावले होते त्यांच्याकडे आधी गेला. ज्याला क्षयाची भीती होती त्याच्या बांधावर स्वतःची भाकरी वेगळी बसून खाल्ली आणि दिवस पूर्ण भरला. ऑगस्टमध्ये दोन वेळा झोडपून काढणारा पाऊस झाला. दोन्ही वेळा तो पहाटे उठून ओहळावर गेला, मोऱ्यांत अडकलेला पालापाचोळा पहारीने काढला आणि मग ठकूबाईला उठवायला घरी आला. एकही वार चुकला नाही. नोव्हेंबरात थुंकी पुन्हा तपासली. सिस्टरने कागद दाखवला आणि म्हणाली, "मावशी, आता माझं तोंड बघायला यायची गरज नाही." ठकूबाई म्हणाली, "सवय झाली बाई. येईन अधनंमधनं."

दादाभाऊच्या अर्जाचं पुढे काय झालं तेही लिहून ठेवतो. दोन वर्षांनी मोजणीला माणसं आली. त्यांनी ओहळावरचा ताल पाहिला, मोऱ्या पाहिल्या आणि विचारलं, काम तर झालेलं दिसतंय, मग अर्ज कशाला? कागदावर तशी नोंद झाली आणि प्रकरण बंद झालं.

दोन हजार पाचच्या एप्रिलमध्ये बयाबाईचा सांगावा फिरला: वाटेची पडकई, माझ्या नावावर, घरटी एक माणूस. वरच्या टेपाडाची दरड वाटेवर आली होती. सगळ्यांनी हो म्हटलं असं नाही. तिघांनी काम असल्याचं कळवलं. बयाबाईने 'ध्यानात ठेवते' असं तिघांना तोंडावर सांगितलं.

त्या सकाळी कुशाबा मुंडासं बांधू लागला, तर ठकूबाईने कुदळ आधीच खांद्यावर टाकलेली.

"तुमचा गुडघा सुजलाय," ती म्हणाली. "घरटी एक मानूस बोलावलंय. मी जाते."

"झेपंल का?"

ती कुंपणापलीकडे गेली होती. कुशाबा दिवसभर घरी राहिला. पायाला शेक दिला, हिरडा उन्हात पसरला, संध्याकाळी चूल पेटवून दोन भाकरी थापल्या. एक जाड झाली, एक करपली. दिवेलागणीला ठकूबाई आली. कोपरापर्यंत माती, केसांत माती. तिने कुदळ भिंतीला टेकवली, ओट्यावर बसली आणि तांब्या तोंडाला लावला. तो तिचा श्वास ऐकत उभा राहिला.

"खोकला आला व्हता?" त्याने विचारलं.

"दरड उपसत व्हतो," ती म्हणाली. "खोकायला सवड कुनाला व्हती?"